सरळ जाणारा आर्म

मामा, परवा पारगावच्या पुलावर पिकअप बाजूला घेतली आणि तुमच्याशी भांडत बसले. सकाळचे आठ वाजले असतील. भीमेवर धुकं होतं, पाणी दिसतच नव्हतं. पलीकडच्या काठावरचा ऊस तेवढा तुऱ्यांसकट वर तरंगत होता. मी दौंडला निघाले होते, तुमच्या घरी. आणि डोक्यात काय चाललं होतं, तर रेकॉर्ड प्लेअरचा खुंटीवर फिरणारा आर्म बारा इंची केला की कोनाची चूक इतकी कमी होते की कानाला कळतसुद्धा नाही. हे मी तुम्हाला पन्नास वेळा तरी सांगितलं असेल. पुलावर पुन्हा एकदा सांगितलं. मग लक्षात आलं की आपण एकट्याच बोलतोय, आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले.

तुम्हाला माती देऊन बारा दिवस झाले. लोक विचारतात, ते तुझे कोण? सख्खे मामा का? मी कासुर्डीची, शेतकरी मराठ्याच्या घरातली, लग्न होऊन कारेगावात आलेली. तुम्ही दौंडचे शांतवन मामा, लहानपण शिरूरच्या मिशनमधलं, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. नातं काय सांगायचं? रेकॉर्डच्या सुईवरून ओळख झाली म्हटलं की समोरचा माणूस "बरं बरं" म्हणतो आणि विषय बदलतो.

तुम्ही आमच्या लेथच्या शेडमध्ये पहिल्यांदा आलात तो दिवस मला अजून दिसतो. मी कंपनीतून नुकतीच आले होते. माझे यजमान बाळासाहेब लेथवर कसला तरी बुश टर्न करत होते. तुम्ही एसटीनं शिरूरपर्यंत आणि पुढं सहा आसनी रिक्षानं आला होता. हातात पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी, आणि ते असं धरलेलं, जसं कुणाचं तान्हं लेकरू आणलंय.

"लेथवाले हितंच का?" तुम्ही विचारलंत आणि पंचा सोडलात. आत एक वाकडी, चकचकीत नळी. इंग्रजी एस अक्षरासारखी.

बाळासाहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "फवारणीच्या पंपाची हाय व्हय?"

"न्हाई हो. गाणं ऐकायचा हात हाय ह्यो. टोनआर्म. ह्याच्या टोकाला सुई असती. बेअरिंग ढिलं झालंय."

मी तो हातात घेतला, दोन बोटांत धरून हलकेच ढकलून बघितला आणि म्हणाले, "आडवा खेळ आहे. उभा नाही."

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडं बघितलंत. "कुठं शिकलीस गं हे?"

"कंपनीत क्वालिटीला आहे मी. दिवसभर हेच करते. कुठं किती ढिलं झालंय ते बघते."

"मग माझ्या घरी ये एकदा," तुम्ही म्हणालात, "तिथं समदंच ढिलं झालंय."

तुम्ही हसलात, म्हणून आम्हीही हसलो. सरोज मामींना जाऊन चार वर्षं झाली होती आणि मुलगी पुण्याला, हे मला नंतर कळलं.

पहिल्या रविवारी मी आले ते नुसती सुई ठेवतात कशी ते बघायला. रेल्वे लाइनीमागचं तुमचं घर. मालगाडी गेली की कपाटातली भांडी किणकिणायची. त्यावर तुम्ही केलेला उपाय बघून मला हसू आलं होतं: टेबलावर हवा भरलेली सायकलची ट्यूब, तिच्यावर फरशी, फरशीवर रेकॉर्ड प्लेअर. "गाडी गेली तर जमीन हलती, पर गाणं हलत न्हाई," तुम्ही म्हणालात. दुपारचं ऊन खिडकीच्या जाळीतून फरशीवर पडलेलं. रेकॉर्ड फिरायला लागली तसा त्या उन्हाचा एक तुकडा तिच्या काळ्या पाठीवर येऊन थांबला. रेकॉर्ड फिरत होती आणि ऊन जागचं हलत नव्हतं. मी त्याच्याकडं बघत राहिले. दिवसभर प्रेसच्या आवाजात राहणारे माझे कान, त्यांना इतका हळू आवाज माहीतच नव्हता. कुणीतरी गात होतं, बासरी होती, आणि मला वाटलं आपण कासुर्डीच्या ओढ्यात पाय सोडून बसलोय, वय सात-आठ.

जाग आली तेव्हा पाच वाजले होते. पाहुणी म्हणून आलेली मी तुमच्या खुर्चीत चांगली दोन तास झोपले होते. तुम्ही पंखा माझ्याकडं वळवून ठेवला होता.

"माफ करा मामा," मी म्हणाले.

"कशाला? झोप लागली म्हंजी आर्म बरा बसला. सुई टोचत असती तर माणूस झोपत न्हाई."

त्याच दिवशी तुम्ही ती रेकॉर्ड दाखवलीत. शिरूरच्या चर्चच्या गायकांनी तरुणपणी मुंबईला जाऊन गाणी म्हटली होती आणि त्याच्या थोड्याच प्रती निघाल्या होत्या. कव्हर साधं पिवळट, कोपरे कापडी पट्टीनं चिकटवलेले. एका बाजूला पाच गाणी. शेवटचं, पाचवं, सरोज मामींचं एकटीचं. मामी तेव्हा वीस-एकवीसच्या, लग्नाआधीच्या.

तुम्ही ते लावलंत. आवाज आला, पण फाटलेला. पत्र्यावर कुणी खिळा ओढावा तसा. उंच सूर आला की शब्द विस्कटून जायचे. मी तुमच्याकडं बघितलं नाही.

"शेवटचं गाणं हाय ना," तुम्ही म्हणालात, "तिथंच गोची हाय." आणि दारापाशी जाऊन तुम्ही दार उघडलंत आणि मिटलंत. "हे बघ. आर्म म्हंजी असं दार. बिजागरीवर फिरतंय. आन् रेकॉर्ड बनवताना खाच कापणारी सुई दारासारखी फिरत न्हाई, ती सरळ आत जाती, तुमच्या लेथवरच्या हत्यारासारखी. कापायचं सरळ आन् वाजवायचं गोल, मग सुई तिरकी पडणारच. फक्त दोन जागी ती नीट बसती. बाकी समदीकडं कमी-जास्त वाकडी."

"किती वाकडी?"

"दोन अंश म्हण."

"मामा, दोन अंश म्हणजे काहीच नाही."

तुमचा चेहरा असा झाला की जणू मी तुमच्या खात्याचा अपमान केला. "काहीच न्हाई? अगं, रुळाचा सांधा नीट मिटला न्हाई तर सिग्नल पडत न्हाई. बोटभर फट राहिली तर गाडी खाली. पस्तीस वर्सं मी त्या फटी मोजल्यात. आन् आतल्या गाण्याला खाच किती दाटीनं असती, ठावं हाय का? बाहेर एका फेरीत जेवढी वाट मिळती त्याच्या निम्म्यात आत समदं गाणं बसवायचं. तिथं दोन अंशानं सूर फाटतो."

एवढं बोलून तुम्ही गाणं बंद केलंत. तुम्हाला सुईनं सरळ आत जायला हवं होतं. बिजागरी नको, खुंटी नको. काचेच्या नळीवर चार बारक्या चाकांची गाडी, गाडीला बोटभर लांबीचा आर्म, आणि खाच ओढेल तशी ती गाडी आपली आपण आत सरकत जाणार. तुम्ही ते वहीत काढून ठेवलं होतं, सिग्नलच्या आराखड्यासारखं, स्केचपेननं, बाणांसकट.

आणि मी म्हणाले, मला नाही पटत.

आपली तिथपासून सुरुवात झाली. दोन वर्षं. दर रविवार नाही, पण महिन्यातले दोन तरी. कारेगावातून न्हावरा, पारगावचा पूल, चौफुला, पाटस. कारखाना सुरू असला की पाटसपाशी उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकायचे आणि मळीचा वास नाकात घेऊन तुमच्याकडं पोचायचे. तुम्ही म्हणायचात, "आली का वाकड्या आर्मवाली?"

माझं म्हणणं साधं होतं. जेवढे भाग जास्त, तेवढा खेळ जास्त. तुमच्या गाडीला चार चाकं, चार बेअरिंगं, प्रत्येकात केसभर ढिलाई. ती नळीवर घसटत जाणार आणि तिचं सगळं वजन ओढणार कोण, तर केसाएवढी सुई. त्यापेक्षा एक लांब सरळ नळी घ्या, एका पोलादी टोकावर तोलून धरा, पुढचं डोकं हिशोबानं थोडं वळवा. आर्म जेवढा लांब तेवढी ती दारासारखी कमान सपाट होते. चूक राहील, पण थोडी, आणि कुठं किती ते आपल्याला ठाऊक असेल.

"ठाऊक हाय म्हणून चूक चालती व्हय?" तुम्ही.

"मामा, जगात बिनचुकीचं काही नसतं. आम्ही ड्रॉइंगवर लिहितोच, एवढी चूक चालेल म्हणून."

"तुमच्या कंपनीत चालत असंल."

शेवटी ठरलं, दोन्ही करायचे. तुमची काचेची नळी एका शाळेच्या प्रयोगशाळेतून आली, कशी ते तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. गाडी बाळासाहेबांनी ॲल्युमिनियममधून कोरून दिली. माझ्या आर्मला आम्ही जुन्या अँटेनाची नळी वापरली, मागचं वजन पितळेचं, आणि टोकाखालच्या वाटीत घट्ट तेलाचा एक थेंब, म्हणजे आर्म डुलणार नाही, खाली येताना सावकाश येईल. त्या दिवसांत शेड संध्याकाळी सहानंतर तुमच्यासाठीच चालायचं. बाळासाहेब माझ्याशी बोलत नव्हते तेवढं फोनवर तुमच्याशी बोलायचे. मला कधी कधी वाटायचं, आपण तिघं मिळून काहीतरी असं बनवतोय ज्याला वजनच नाही. टेबलावर तोलून ठेवलेला तो आर्म फुंकर मारली तरी तरंगत जायचा, मग थांबायचा, मग परत यायचा. तास तास बघत बसावं असं ते होतं.

आणि मग तो रविवार.

तुमचा आर्म आधी लावला. पहिली चार गाणी, मामा, मी कबूल करते, तशी मी कधीच ऐकली नव्हती. प्रत्येक गळा वेगळा. पेटीच्या भात्याचा श्वास. गाडी नळीवरून सरकत होती, इतकी हळू की ती चाललीय हे कळायला डोळे मिटून परत उघडावे लागायचे. मग दिसलं की ती जाताना थोडी मागं येतेय. पुढं, मागं, पुढं, मागं, प्रत्येक फेरीला. रेकॉर्डचं मधलं भोक मध्यावर नव्हतं. पाचव्या गाण्यात, दुसऱ्या ओळीला, सुई उडाली आणि थेट आत जाऊन आपटली.

तुम्ही तुमचा आर्म काढून घेतलात. मी माझा आर्म लावला. तोही डुलला, पण सुई सुटली नाही. गाणं शेवटपर्यंत वाजलं. सूर मात्र तसाच फाटका.

मी जिंकले होते, आणि मला ते दाखवायचं होतं. "बघा," मी म्हणाले, "सरळ सरळ करून काय मिळालं?"

तुम्ही गाडी पुसत होता. "भोक चुकलंय रेकॉर्डचं. आर्म न्हाई चुकला."

"म्हणजे आता भोक. उद्या आणखी काही. मामा, कितीही सरळ केलं तरी त्यातून माणूस परत येत नसतं."

हे मी बोलले. ते वाक्य मला रोज ऐकू येतं. तुम्ही फडकं घडी करून ठेवलंत, अगदी चौकोनी घडी, आणि म्हणालात, "तुला आकडा कळतो. गाणं कळत न्हाई. इथनं फुडं नको येऊस."

मी नाही आले. दोन महिने. फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. बाळासाहेब म्हणायचे, "माफी मागून टाक की." मी म्हणायचे, "ते पण बोललेच की." खरं तर माझ्या कानात तुमचं बोलणं नव्हतंच, माझंच होतं.

मग एके दिवशी शेडच्या दारात तुम्ही. दोन प्लायवूडच्या फळ्यांमध्ये ती रेकॉर्ड, वरून सुतळीनं बांधलेली. ती रेकॉर्ड तुम्ही घराबाहेर कधी काढली नव्हती. मी मागं एकदा मागितली होती, भोक मोजायला, तर तुम्ही नाही म्हणाला होता. आता तुम्ही ती माझ्या हातात दिलीत.

"मोज," एवढंच म्हणालात. चहासुद्धा घेतला नाहीत, परतीची एसटी होती.

तेव्हा माफी मागायची होती. तुम्ही रस्त्यापर्यंत गेलात, मी दारात उभी राहिले. उद्या मागू, मोजून झाल्यावर मागू, असं करत ती राहून गेली. नंतर आपण इतके नीट बोलायला लागलो की त्या नीट चाललेल्यात तो विषय काढवेना. मामा, आता मागते. मला माफ करा.

साहेबांची परवानगी घेऊन जेवणाच्या सुट्टीत मी ती रेकॉर्ड कंपनीच्या मोजमापाच्या खोलीत नेली. भोक अर्धा मिलिमीटरहून जास्त बाजूला होतं. ते कळलं, तरी मी ती खाली ठेवली नाही. मायक्रोस्कोपखाली घेतली. खाचा कशा दिसतात ते तुम्हाला दाखवायला हवं होतं. नांगरलेल्या काळ्या रानासारख्या दिसतात, वळणावळणाच्या, ओल्या असल्यासारख्या चमकणाऱ्या. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं, चौथं, सगळी तशीच. पाचव्यावर आले आणि वाटलं भिंग खराब झालं. राखाडी. काठ घासून गेलेले, पाणंदीत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या होतात तसे. मी भिंग पुसलं. परत बघितलं.

मग समजलं. ते गाणं कोनामुळं फाटत नव्हतं, निदान फक्त कोनामुळं नव्हतं. ते झिजलं होतं. बाकीची चार कोरी आणि शेवटचं तेवढं झिजलेलं, म्हणजे कुणीतरी दर वेळी तेवढंच गाणं लावलं होतं, जुन्या जड आर्मनं, किती वेळा देव जाणे. मामी गेल्यापासून त्या घरात रेकॉर्ड लावणारं दुसरं कोण होतं?

जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली, तरी मी तिथंच बसले होते.

तुम्हाला मी फक्त भोकाचं सांगितलं. "तुमचं बरोबर होतं मामा, भोकच चुकलंय." तुम्ही फोनवर इतके खूश झालात की बाकीचं सांगायची हिंमत झाली नाही. एवढं मात्र केलं की एक वेगळी सुई मागवली, पातळ धारेची. साध्या सुईनं खाचेची भिंत जिथं घासली, त्याच्या खाली ही टेकते, अजून न घासलेल्या जागेवर. तुम्ही विचारलंत, "ही कशापायी?" मी म्हणाले, "नवीन आलीय, बघू या." तुम्ही बराच वेळ सुईकडं बघत होता. मग "बरं" म्हणालात.

भोक मी गोल कानसीनं थोडं मोठं केलं आणि बाळासाहेबांनी केलेल्या बारक्या रिंगेनं रेकॉर्ड मध्यावर आणली. तुमचाच आर्म लावला. गाडी आता डुलत नव्हती. दुपार होती, थंडीतली, आणि मालगाडीसुद्धा कुठली आली नाही. तुम्ही सुई थेट पाचव्या गाण्याच्या आधीच्या कोऱ्या पट्टीवर ठेवलीत.

अगदी स्वच्छ नव्हतं ते. खरखर होतीच. पण तिच्या मागून, दुरून, ओल्या रानावरून हाक यावी तसा एक आवाज आला आणि शब्द कळले. पहिलं कडवं, दुसरं. तिसऱ्याच्या आधी मामींनी श्वास घेतला. तो इतका जवळून आला की मी मान वळवून बघितलं.

"दम घेतला बघ तिनं," तुम्ही म्हणालात. "पाणी भरताना बी असाच घ्यायची. हंडा उचलायच्या आधी."

गाणं संपलं. मला वाटलं तुम्ही परत लावाल. परत लावू का, मी विचारलं. तुम्ही आर्म उचललात, रेकॉर्ड काढलीत, कव्हरात घातलीत.

"पुरे," तुम्ही म्हणालात. "लय झिजवलं मी तिला."

मामा, त्या क्षणी मी काही विचारलं नाही. तुम्हाला खाचेचं आधीच माहीत होतं का? सुई बघून कळलं का? आणि तिला म्हणजे कुणाला? रेकॉर्डलाही आपण तीच म्हणतो. तुम्ही सिग्नलच्या ड्यूटीवर आठ आठ दिवस बाहेर, मामी एकट्या हंडे भरत, मुलगी वाढवत, गाणं सुटलेलं, हे तुम्ही मधेमधे तुटक सांगितलेलं मला आठवत होतं. मी नुसता चहा केला. आपण तो प्यालो. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं.

त्यानंतर तुम्ही ते गाणं लावलं नाहीत. निदान माझ्यासमोर नाही.

मग यंदा दसऱ्यापासून कंपनीत काम वाढलं, रविवारीही बोलावणं यायला लागलं. तीन महिने मी येऊ शकले नाही. दर रविवारी फोन मात्र व्हायचा.

"कुठला आर्म लावलाय मामा?"

"माझाच. दुसरा कुठला लावीन?"

"अजून तेच?"

"अजून तेच. तू सुधर की."

तुमचा आवाज बारीक झाला होता. मी विचारलं तर म्हणालात, "फोनचं हाय ते." मी मानलं. दिवसभर ढिलाई शोधणारी मी, मला ते ऐकू आलं नाही. मग ग्लोरीचा फोन आला, तुमच्या मुलीचा. मी तिला तोपर्यंत फोटोतच बघितलं होतं.

माती द्यायच्या वेळी मी मागं उभी होते. तुमचे चर्चचे लोक गात होते. मला शब्द येत नव्हते, म्हणून नुसती उभी राहिले. बाळासाहेबांनी मूठभर माती घातली, मग मी घातली.

आणि परवा मी परत आले, ग्लोरीनं बोलावलं म्हणून. पुलावरून निघून, डोळे पुसून. तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "ताई, हे सगळं काय आहे ते मला समजावून सांगा. मला काहीच हलवायची भीती वाटते."

मी आत आले आणि बघितलं. प्लेअरवर माझा आर्म होता.

तुमचा नव्हता, मामा. तुमची काचेची नळी गाडीसकट कपाटात, पंच्यात गुंडाळलेली. मी तिथं उभीच राहिले. ग्लोरीला वाटलं काहीतरी मोडलंय.

"हा कधी बसवला?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आसपास, मी इथं आले होते तेव्हा. त्यांचा हात थरथरायला लागला होता. त्या काचेवरच्याला सुई फार नेमकी ठेवावी लागते ना. पप्पा म्हणायचे, सुनंदाचा आर्म कसाही सोडला तरी अलगद उतरतो. म्हातारपणी हाच बरा." मग ती हसली. "पण तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला बजावलं होतं. फोन झाला की स्वतःशीच हसत बसायचे."

मी खुर्चीत बसले. तुमच्याच.

"यातला बरोबर कुठला आहे?" ग्लोरीनं विचारलं.

दोन वर्षं मी ज्यावर भांडले त्याचं उत्तर मला द्यायला एक क्षणही लागला नाही. "तुझ्या पप्पांचा," मी म्हणाले. पहिल्यांदाच.

"मग तो बसवून द्याल का?"

दुपार त्यातच गेली. नळी स्पिरिटनं पुसली, फरशी पातळीत आणली, चार चाकं एकेक करून फिरवून बघितली. मालगाड्या गेल्या, भांडी किणकिणली. ग्लोरी माझ्या शेजारी बसून स्क्रू हातात देत होती. झाल्यावर ती म्हणाली, "आईची रेकॉर्ड लावा ना. मी लहानपणी ऐकलीय, नंतर कधीच नाही."

मी पाचव्या गाण्यावर सुई ठेवणार होते. ती म्हणाली, नको, सुरुवातीपासून लावा. सगळी बाजू.

गाडी निघाली. पहिलं गाणं, दुसरं.  खोलीत तोच उन्हाचा तुकडा आणि तोच संथपणा, जसं काही आपण सगळे कुठंतरी पाण्याखाली बसलोय. तिसऱ्या गाण्यात बायका थांबतात आणि पुरुष दोन ओळी म्हणतात. आर्म तपासताना मी त्या दोन-तीनदा ऐकल्या होत्या. ग्लोरीनं एकदम माझं मनगट धरलं.

"पप्पा," ती म्हणाली.

"काय?"

"हा जाड आवाज. मागचा. ऐका, ऐका. हे पप्पा आहेत. मला झोपवताना असंच म्हणायचे. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी? तेही होते ना मुंबईला, मागच्या रांगेत. तिथंच तर आईशी ओळख झाली."

नाही मामा. तुम्ही नाही सांगितलंत. दोन वर्षं त्या एका रेकॉर्डसाठी आपण आर्म तोलले, कोन मोजले, भांडलो, आणि त्या सगळ्या वेळात तुम्ही तिच्यात होता. मी सुई उचलून परत ठेवली. ग्लोरीनं आवाज वाढवला. तुम्ही विशीतले, छाती भरून गाणारे, एका ओळीला किंचित पुढं धावणारे. एवढा स्पष्ट आवाज त्या रेकॉर्डवर दुसऱ्या कुणाचा नाही. का नसेल, ते मला माहीत होतं. तिसऱ्या गाण्याच्या खाचा मी मायक्रोस्कोपखाली बघितल्या होत्या. काळ्याभोर, ओल्या, कोऱ्या. एकटे असताना तुम्ही स्वतःला कधी लावलंच नव्हतं.